मंडपात सगळं माफ

सोळा वर्षांची मुलगी गल्लीच्या तोंडाशी एका मुलाशी पाच मिनिटं बोलली, की तिसऱ्या मजल्यापर्यंत संस्कृती धोक्यात येते. त्याच मुलीला शेजारच्या तालुक्यात नेऊन गुपचूप उजवून टाकलं, की तीच संस्कृती आहेराचं पाकीट घेऊन पंगतीला बसते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर 2019-21चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे पाचात एक. या लग्नांना भटजी होते, आचारी होते, बँडवाले होते, मुलीला बोहल्यावर आणणारा मामाही होता. नवरीचं वय विचारणारा तेवढा कुणी नव्हता.

समाज बदलला नाही, असं मात्र म्हणू नका. 1891 साली इंग्रज सरकारनं मुलींचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय दहावरून बारा केलं, तेव्हा पुण्यात रणकंदन झालं. आगरकर कायद्याच्या बाजूनं, टिळक विरोधात. सुधारणा हवी, पण परक्या सरकारनं आमच्या माजघरात डोकावू नये, असा टिळकपक्षाचा सूर. आज माजघराचं दार आपणच उघडून देतो. पोरगी वर्गातल्या मुलाबरोबर निघून गेली, की बाप थेट पोलीस ठाण्यात. ‘फूस लावून पळवून नेले’ हे वाक्य तिथं तयारच असतं. पोरगी सांगत असते, मी माझ्या मर्जीनं गेले. पण 2012च्या पोक्सो कायद्यापुढं अठराच्या आतल्या मर्जीला किंमत नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा कोठडीत, पोरगी बालगृहात, आणि अब्रू सुखरूप घरी.

पोक्सो हवाच. लेकरांवर हात टाकणाऱ्यांसाठीच तो केला. गंमत अशी, की हात टाकणारा काका-मामा निघाला, तर हेच घर ‘बभ्रा नको’ म्हणून तोंडावर बोट ठेवतं. नातलगाला मौन, प्रियकराला पोक्सो.

खुद्द कायदासुद्धा बरीच वर्षं याच पंगतीत जेवत होता. संमतीचं वय अठरा, पण नवरा असेल तर पंधरा पुरे! ही सवलत 2017च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं काढून घेतली. तोवर मंगळसूत्रानं मुलगी तीन वर्षांनी मोठी होत होती.

सतरा वर्षांच्या मुलीला दिवस गेले, तर डॉक्टरकडे जायचीही चोरी. डॉक्टरनं पोलिसांना कळवायचं, असं कायदा सांगतो. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीचं नाव पोलिसांना सांगण्याची गरज नाही, असा दिलासा सर्वोच्च न्यायालयानं 2022च्या सप्टेंबरात दिला. ही बातमी त्या मुलीपर्यंत कुणी पोचवायची? शाळेनं? शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर याच महाराष्ट्रानं 2007 साली बंदी घातली होती. मुलं बिघडतील म्हणे! 1934 साली र. धों. कर्व्यांनी आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांना कोर्टात खेचलं. वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, तरी दंड झालाच. तेच प्रश्न पोरं आज मोबाइलला विचारतात. तो काय वाट्टेल ते दाखवतो, आणि त्याला कुणी दंड करत नाही.

निवाडा देण्यात मात्र आपला हात कुणी धरणार नाही. मुलगा असेल तर ‘वयच आहे त्याचं’. मुलगी असेल तर ‘वळणच नाही तिला’. वय एकाचं, वळण दुसरीचं.

तेव्हा एक साधा उपाय सुचवतो. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतो ना आपण? त्याच्याच खाली वधूची जन्मतारीख छापायची सक्ती करा. आणि मग किती पत्रिका छापखान्यातूनच माघारी जातात, ते मोजा.