टाकीलाही म्हणे ॲप लागतं!

ऐकलंत का? संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या एका घरात म्हणे पाणी आलं की आधी मोबाइल वाजतो, मग नळ. आणि हे एकाच घराचं नाही हो. सिडकोत चाललंय, उल्कानगरीत चाललंय, आमच्या गल्लीत तर गच्चीगच्चीवर चाललंय. २०२० साली करोनात लॅपटॉप बगलेत मारून पुण्या-बंगळुरूहून घरी आलेली सॉफ्टवेअरवाली पोरं, 'पंधरा दिवसांसाठी आलोय' म्हणाली आणि इथंच मुरली. दिवसभर कंपनीचे सर्व्हर सांभाळतात. संध्याकाळी माणसानं काय करावं? निराला बाजारात चक्कर मारावी, कॅनॉटला जाऊन काहीतरी चटकदार खावं, येताना उस्मानपुऱ्यात पान लावून घ्यावं. ही पोरं गच्चीवर चढून टाकीला सेन्सर बसवताहेत!

मी त्याच धंद्यातली, रोज कोड लिहून खाणारी. म्हणून मला जरा जास्तच लाज वाटते.

काय करतात सांगू? टाकीच्या झाकणाला भोक पाडतात. त्यातून एक सेन्सर खाली तोंड करून बसवतात. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून पाणी किती खाली आहे ते काढायचं. पाणी मीटरभर खाली असेल तर हा सगळा प्रवास सहा मिलिसेकंदांच्या आत होतो. मग एक छोटा ईएसपी-३२ बोर्ड तो आकडा वायफायवरून मोबाइलवर पाठवतो, आणि दिवाणखान्यात लोळणाऱ्या पोराला कळतं की टाकीत ६३ टक्के पाणी आहे. वर जाऊन झाकण उचललं असतं तर तेही कळलं असतं, पण मग त्याचा आलेख कसा निघणार?

पुढची गंमत ऐका. पंधरा दिवसांत टाकीतली वाफ सेन्सरवर धरते आणि ॲप सांगतं, टाकीत १४० टक्के पाणी आहे. पोरगा मग वॉटरप्रूफ सेन्सर मागवतो. त्याची खोड अशी की पाणी वीसेक सेंटीमीटरच्या आत आलं की त्याला मोजताच येत नाही. म्हणजे टाकी भरत आली की, ज्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप, नेमका तेव्हाच हा गोंधळतो. तोवर खालून आईची हाक आलेली असते, 'अरे मोटर बंद कर, टाकी सांडायली!' तिला ते पन्हाळीतून पडणाऱ्या धारेवरून कळलेलं असतं. बॅटरी नाही, वायफाय नाही.

तरी मी म्हणते, पोरांना एकट्यांना दोष देऊ नका. हा रोग आमच्या धंद्यालाच जुना आहे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकवाल्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोकच्या मशीनला तारा जोडल्या होत्या. कशाला, तर बाटल्या आहेत का आणि गार झाल्यात का, हे खुर्चीत बसून कळावं म्हणून. १९९१मध्ये केंब्रिजच्या मंडळींनी त्यावर कडी केली. कॉफीच्या भांड्यासमोर चक्क कॅमेरा लावला, कारण जिने चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं, हा अन्याय त्यांना सोसवेना. १९९३पासून ते भांडं सगळं जग बघत बसलं. पुढे २००१मध्ये कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते भांडं लिलावात एका जर्मन नियतकालिकानं ३,३५० पौंडांना घेतलं. वापरलेलं, बरं का! आमच्याकडे बोहारणीनं त्याच्यावर चमचाही दिला नसता.

त्यात हे आपलं शहर. इथं कशाचंही वेड एकट्यादुकट्याला लागत नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या लोकांनी मिळून एकाच फटक्यात १५० मर्सिडीज उचलल्या होत्या, ६५ कोटींच्या! तेव्हा मुंबई-पुण्याचे पाहुणे फोन करून विचारत होते, तुमच्याकडे रस्ते आहेत ना? आणि पाण्याच्या बाबतीत तर ही खुमखुमी थेट मलिक अंबरापासूनची. सतराव्या शतकात त्यानं डोंगराकडचं पाणी जमिनीखालून नहरीनं शहरात आणलं. पुढे पाणचक्कीत तर नुसत्या पाण्याच्या जोरावर पीठ दळलं जाऊ लागलं. एकही मोटर नाही, आणि मोटर नाही म्हणजे ती बंद करायला विसरणारा पोरगाही नाही.

आता जायकवाडीवरून पाणी आणायला अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी, १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेलेली योजना. पावसाळ्यात सगळं गाव जायकवाडीच्या नाथसागराचे टक्के तोंडपाठ म्हणतं. १५२२ फूट म्हणजे धरण भरलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एवढ्या आकडेवेड्या गावात टाकीचा आकडा मोबाइलवर यायला इतकी वर्षं लागली, याचंच खरं तर नवल. बाकी पाणी कधी येणार, हे कुठल्याच ॲपला कळत नाही. ते गल्लीच्या तोंडाशी चावी फिरवणाऱ्या लाइनमनलाच ठाऊक, आणि त्याचा नंबर ज्या काकूंकडे आहे त्यांच्यापुढे सगळे सेन्सर फिके.

पण खरी भानगड वेगळीच आहे. एका दिवट्यानं ॲपची लिंक हौसेनं गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. झालं! या शहरात टाकीत किती पाणी आहे ही पगाराइतकीच खासगी गोष्ट. शेजारीण बादली घेऊन आली की 'अहो, आमच्याकडेच तळाला गेलंय' म्हणायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि समोरचीही ते खरं मानून घेते, कारण उद्या तिलाही तेच म्हणायचं असतं. आता समोरची मोबाइल पुढं करते. 'तळाला कुठंय, ७८ टक्के दाखवायलंय की!' दोन घरांतलं हळदीकुंकू थांबलं. एकीनं तर पाहुणे येणार त्या दिवशी सेन्सरवर कुंडीखालची बशी झाकली म्हणे. टेरेसवर कोण कधी चढतं याच्यावरही आता पाळत आहे.

पोरांनी मग तोडगा काढला. कसला, ते गेल्या आठवड्यात कळलं. कोपऱ्यावरच्या घराची टाकी महिनाभर जागची हलेना. पाणी आलं तरी १२ टक्के, टँकर रिता झाला तरी १२ टक्के. सगळ्या गल्लीला कणव आली, कुणी दोन हंडेसुद्धा नेऊन दिले. मला काही चैन पडेना. पोराला गाठलं, लॅपटॉप उघडायला लावला. ॲप बघणाऱ्याचा नंबर घरच्यांचा असेल तर खरा आकडा, गल्लीतल्या कुणाचाही असेल तर १२. लाइनमनच्या नंबरला तर ४!

काय म्हणावं या पिढीला? कोड मात्र स्वच्छ लिहिलाय हो. टेस्टसुद्धा आहेत.