काटा येतो, पण कशाला?

सातारा आणि सांगली, दोन्हीकडे माणसाच्या अंगावर काटा येण्याची कारणं वेगवेगळी आहेत, असं माझं जुनं मत आहे. सातारकराला थंडीने काटा येत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठचं दव गोठून पांढरं पडलं, तरी तो "कुठाय थंडी?" म्हणत बनियनवर चहा पितो. त्याला काटा आणायला 10 नोव्हेंबर 1659 लागतो. शाहिराने डफावर थाप मारली, शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीला शामियान्यात शिरले, की आमच्या साताऱ्याच्या मामांची बाही कोपराच्या वर जाते. "बघ, बघ! आला का न्हाय काटा?" खानाचं पुढे काय होणार, हे मामांना शाळेपासून ठाऊक आहे. तरी कारल्याच्या पाठीसारखा झालेला तो हात ते अख्ख्या रांगेला दाखवून येतात.

आम्ही सांगलीकर पडलो नाट्यपंढरीचे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं ते इथेच. पुढे त्या वळणाच्या नाटकांत राक्षस "अलल् डुर्र" अशी आरोळी ठोकत रंगमंचावर घुसत. म्हणजे मराठी रंगभूमीने तिकीटबारीच्याही आधी प्रेक्षकाच्या अंगावरचा काटा ओळखला होता! (हे लिहिताना माझ्याही अंगावर आलाच.)

प्रत्यक्षात भानगड साधी आहे. केसाच्या मुळाशी एक चिमुकला स्नायू असतो. थंडी वाजली, भीती वाटली की मज्जातंतू त्याला हुकूम सोडतात, तो आखडतो आणि केस उभा राहतो. मांजर कुत्र्यापुढे असंच फुगतं आणि दांडगं दिसतं. दाट केसांत ऊबही धरून राहते. आपल्या हातावरच्या चार केसांनी ना ऊब येत, ना कुत्रं घाबरत. डार्विनने 1872 सालीच आपल्या या उभ्या केसांचं नातं जनावरांशी लावून दिलं. मामांना हे सांगितलं, तर म्हणाले, "त्यानं पोवाडा कुठं ऐकलावता?"

मुद्दा बिनतोड. पोवाड्याने मांजराला काही होत नाही. 2001 साली माँट्रियलच्या संशोधकांनी वादकांना त्यांचं आवडतं संगीत ऐकवत मेंदू तपासला. शहारा आला की खाण्यापिण्याच्या सुखाने जागे होणारे भागच तिथे जागे झालेले दिसले. थोडक्यात, खानाचा कोथळा आणि कंदी पेढा मामांना एकाच ठिकाणी गोड लागतात.

त्यात 2020 साली हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर नवंच काढलं. त्या स्नायूच्या आधारानेच मज्जातंतू केसाच्या मूळपेशींपर्यंत पोहोचतात आणि थंडी लांबली की नवे केस उगवायला लावतात. हे कळल्यापासून मामा महाबळेश्वरला टोपी काढून, मोबाईलवर पोवाडा लावून बसतात. पण आनुवंशिक टकलात हा स्नायू केसापासून सुटलेला असतो. तेव्हा माथा मोकळा झालेल्या मंडळींनो, डिसेंबरात वेण्णा तलावावर जाताना कानटोपी घालूनच जा.