सिलेक्टरकाका

चाकणच्या आमच्या कारखान्यात एक क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. बुशच्या भोकात प्लग गेज घालायचा. ‘गो’ आत गेला आणि ‘नो गो’ अडला की हिरवं लेबल. उलटं झालं की लाल. थोडं घासून सुधारण्यासारखं असेल तर पिवळं, म्हणजे रिवर्क. तीसेक वर्षं हेच केल्यावर माणूस लग्नातल्या मठ्ठ्यालाही लेबल लावतो. साडूच्या फ्लॅटला यांनी पिवळं लावलं होतं, तेव्हापासून तिकडचं जाणं-येणं कमी झालंय.

पण त्यांचं खरं खातं क्रिकेट. बसमध्ये सगळे त्यांना सिलेक्टरकाका म्हणतात. खेळाडू निवृत्त झाला की लोक हळहळतात, स्टेटस टाकतात. काकांचा प्रश्न एकच : “महाराष्ट्राच्या यादीत कितवा?” तो सुटल्याशिवाय ते खिडकीची काचही खाली करत नाहीत.

३ जून २०२४ ला केदार जाधवनं किशोरकुमारचं गाणं लावून जाहीर केलं, की दुपारी तीनपासून आपल्याला निवृत्त समजावं. शॉपवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात, त्यामुळे आमच्यापुरता तो पहिल्या पाळीबरोबर साडेतीनला सुटला.

“तीन वाजता? धोनीची कॉपी,” काका बसच्या पायरीवरच म्हणाले. “२०२० साली धोनी सात एकोणतीसला गेला. टायमिंग टाकायची पद्धत त्याची.”

पिवळं लेबल तिथंच लागलं. बस आंबेठाण चौकात अडकली आणि सभा भरली.

फोर्कलिफ्ट चालवणारा आमचा गडी माढ्याचा. जाधव मंडळी मूळची त्याच्या तालुक्यातली, म्हणून केदार हा त्याच्या घरचाच माणूस. त्यानं गहुंजे काढलं. १५ जानेवारी २०१७, इंग्लंडच्या ३५०, आपण ४ बाद ६३. इथं काकांनी त्याच्या तोंडून गोष्ट काढून घेतली, कारण ते त्या दिवशी स्टँडमध्ये होते आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितलेली त्यांना खपत नाही. “कोहलीनं १०५ चेंडूंत १२२ केल्या, यानं ७६ चेंडूंत १२०. पायात गोळे आले तेव्हा पळणं सोडलं आणि मारणं धरलं.” हे सांगताना काकांचा स्वतःचाच पाय पुढच्या सीटखाली ताठ झाला होता.

“मग एक नंबर द्या की!” माढा म्हणाला.

“थांब. ७३ वनडे, १३८९ धावा, बेचाळीसची सरासरी, २७ विकेट. कसोटी शून्य.”

‘कसोटी शून्य’ म्हटल्यावर सीएनसीवरचा कोल्हापूरकर उठला. “मग आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं काय ओ? पुण्यात ४४३ नाबाद, १९४८ साली! काठेवाडच्या राजेसाहेबांनी मॅच सोडली, नाहीतर ब्रॅडमनचे ४५२ गेलेच होते. त्यांना तरी कुठं मिळाली कसोटी?”

“निंबाळकर ओके मटेरियल,” काका म्हणाले. “हिरवं लेबल. डिस्पॅच झालं नाही, हा स्टोअरचा दोष.”

मागून सांगवीचं एक पोरगं ओरडलं, “काका, ऋतुराज!” थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत त्यानं ऋतुराजला नेटमध्ये बघितलंय, एवढ्या भांडवलावर ते प्रत्येक चर्चेत घुसतं. एका षटकात सात षटकार म्हणजे काय खाऊ आहे का, वगैरे. काकांनी मान वळवली नाही. “चालू मशीनवरचा जॉब तपासत नाहीत. उतरू दे, मग बघू.”

कुरुळीपर्यंत यादी निघाली, इन्स्पेक्शन रिपोर्टच्या पाठीवर. पहिले प्रो. देवधर, मग निंबाळकर, तिसरे चंदू बोर्डे, चौथे कानिटकर. “कुठले? बाप की लेक?” कुणीतरी विचारलं. हेमंत आणि हृषीकेश, दोघांच्याही कसोट्या दोन-दोनच. टॉलरन्समध्ये दोघंही सारखेच बसतात म्हटल्यावर काकांनी पेन तोंडात धरलं आणि चिंबळी फाटा येईपर्यंत काढलं नाही.

त्या शांततेत चंद्रपूरचा ट्रेनी बोलला. पोरगं साधं, पण वेळ अचूक. “काका, महाराष्ट्रानं रणजी शेवटची केव्हा जिंकली जी?”

“१९४०-४१. कप्तान देवधर.”

“आमच्या विदर्भानं त आत्ता लागोपाठ दोनदा मारली.”

काकांनी काच खाली केली. मोशीच्या दिशेनं ट्रकची रांग बघत ते म्हणाले, “हा रस्ता सहापदरी केव्हा होणार, देव जाणे.”

वाद तिथं मिटला असता, पण एक कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर आहे. एरवी तो तोंड उघडत नाही. तो म्हणाला, “केदार इंडियाकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. रणजीत ३२७ मारले, पुढच्या मोसमात १२२३ धावा केल्या, तेव्हा कुठं बोलावणं आलं. मी एकतीसचा आहे, अजून पर्मनंट नाही. माझ्यासाठी तोच एक नंबर.”

याला गेज नव्हता. काकांनी चष्मा पुसला आणि थेट केदारच्या बोलिंगवर आले. हात कमरेच्या खाली, चेंडू जवळजवळ अंपायरच्या खिशातून येतो, कुठल्याच कोचिंगच्या पुस्तकात बसत नाही. तरी विकेट पडते. २०१८ च्या आशिया कपच्या फायनलमध्ये मांडीचा स्नायू दुखावला, बाहेर गेला, लंगडत परत आला आणि शेवटच्या चेंडूवर लेगबाय पळून कप दिला.

“ड्रॉइंगप्रमाणे नाही,” काका म्हणाले, “पण फिटिंगला बसतो.” अशा मालासाठी चौथं लेबल असतं, ते फार क्वचित निघतं आणि त्यावर वरच्या साहेबाची सही लागते. भोसरीच्या पुलाखाली काकांनी ती सही स्वतःच केली : केदार जाधव, डेव्हिएशनवर पास, नंबर पाच.

माझ्या मते पाचवा थोडा वरचा झाला, पण त्या हेल्परसमोर सहावा म्हणायची माझीही छाती झाली नसती.

मार्च २०२५ मध्ये विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली. ट्रेनी तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता. त्यानं फक्त तेवढं सांगायला काकांना फोन केला. यादी अजून तीच आहे, चौथ्या जागेवर नुसतं ‘कानिटकर’ लिहिलंय. कुणाची हरकत असेल तर बस साडेतीनला सुटते. नाशिक फाट्यापर्यंत बोलायला वेळ भरपूर मिळतो.