पंत, गुंड्या आणि दारावरची बेल

आमच्या घरातली उतरंड स्पष्ट आहे. सगळ्यात वर पंत, म्हणजे कॉकाटील जातीचा पक्षी. त्याच्या खाली गुंड्या, म्हणजे कुत्रा. मग बायको, मुलगी, कामाला येणाऱ्या मावशी. मग फ्रिज. त्यानंतर मी.

मला खरं तर पोपट हवा होता. आजोळी ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे, आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ व हिरवी मिरची एवढ्या मानधनावर तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवत असे. म्हातारपणी आपल्याही ओसरीवर, म्हणजे बाल्कनीत, असं काहीतरी असावं ही माझी माफक इच्छा. मुलगी म्हणाली, "बाबा, १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आपला देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. आत जाल." बायकोने फक्त "किती दिवस?" एवढंच विचारलं. तिच्या आवाजात काळजी नव्हती, नियोजन होतं.

म्हणून मग मूळ ऑस्ट्रेलियाचा, पण कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला कॉकाटील आला. पिवळा तुरा, गालांवर शेंदरी टिकल्या आणि समोरच्याकडे मान वाकडी करून बघण्याची तऱ्हा. त्यामुळे नाव पंत. दुकानदार म्हणाला होता, "हा पोपटासारखा बोलणार नाही, नुसत्या शिट्ट्या मारील." 'नुसत्या' या शब्दाबद्दल त्या माणसाला एकदा भेटायचं आहे.

गुंड्या आधीपासूनच होता. एका पावसाळ्यात मुलीने पार्किंगमधून भिजलेलं पिल्लू वर आणलं, "फक्त पाऊस थांबेपर्यंत." आमच्याकडे तो पाऊस अजून थांबलेला नाही. सोसायटीने कुत्र्यांना लिफ्टबंदी केली, तेव्हा अशी बंदी घालता येत नाही असं सांगणारी प्राणी कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं मी छापून आणली, खाली रेघा मारल्या आणि कपाटात ठेवली. मी आणि गुंड्या जिन्यानेच जातो. सेक्रेटरी भेटले तर गुंड्या गुरगुरतो, मी नमस्कार करतो.

पक्षी आला आणि स्वयंपाकघराची घटना बदलली. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. त्यामुळे सगळी नॉनस्टिक भांडी हद्दपार झाली आणि माळ्यावरून बिडाचा तवा उतरला. त्यावर डोसे कोणी घालायचे? "ज्याला पक्षी हवा होता त्याने." माझा डोसा तव्याला धरून बसतो. खरवडून निघतो त्याला घरात एकच गिऱ्हाईक आहे, आणि ते शेपटी हलवतं. शिवाय पंतांच्या पिसांतून बारीक पांढरी भुकटी झडते आणि गुंड्याचे केस तर बाराही महिने. मावशींनी एकदा सोफ्याखालून केरसुणी फिरवली आणि सुपलीत जमलेला ऐवज मला दाखवून म्हणाल्या, "दादा, यातून अजून एक कुत्रं होईल."

रात्रीची तऱ्हा वेगळी. कॉकाटील अंधारात दचकणारा पक्षी. गुंड्या झोपेत कान झाडतो, पट्ट्याची कडी वाजते, पंत पिंजऱ्यात थैमान घालतात, त्याने गुंड्या भुंकतो, ते ऐकून खालून वॉचमन शिट्टी फुंकतो आणि पंत त्या शिट्टीला उत्तर देतात. यावर उपाय म्हणजे रात्रभर झिरोचा बल्ब. आता पंत झोपतात, गुंड्या झोपतो. मला उजेडात झोप येत नाही.

पण खरा कहर दारावरच्या बेलने केला. पंतांनी ती इतकी हुबेहूब उचलली की वाजवणाऱ्यालाही फरक कळू नये. त्यांनी बेल द्यायची, गुंड्याने दाराकडे धाव घ्यायची आणि मी बनियनवर दार उघडून मोकळ्या जिन्याला "कोण?" विचारायचं. पाव्हलोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला पचनसंस्थेवरच्या कामासाठी १९०४चं नोबेल मिळालं. खुणेचा आवाज ऐकूनच कुत्र्याच्या तोंडाला कसं पाणी सुटतं, हे त्याने जगाला दाखवलं. आमच्याकडे शास्त्रज्ञ पिंजऱ्यात आहे, आणि कुत्रा व मी प्रयोगासाठी बाहेर.

सत्यनारायणाच्या दिवशी असंच झालं. बेल वाजली, पाहुणे आले असं समजून मी प्रसादाचं पातेलं खालच्या स्टुलावर ठेवून दाराकडे धावलो. या खेपेला गुंड्या आला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. परत आलो तेव्हा पातेलं चाटूनपुसून स्वच्छ, आणि शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. सोवळं नेसलेल्या अवस्थेत मी त्याला उचलून रिक्षात घातलं. डॉक्टरांनी औषध देऊन सगळा शिरा ओकून काढायला लावला आणि रात्रभर सलाइन लावलं. सासूबाईंची काळजी निराळीच होती. कथेत कलावतीने प्रसाद टाकला म्हणून नवऱ्याची नाव बुडाली. इथे तर प्रसाद ओकून काढला! "जहाज कुठे आहे आपलं बुडायला?" मी म्हणालो. बिल बघितल्यावर विधान मागे घेतलं.

दिवाळीत गुंड्या बाथरूममध्ये असतो. माझं फराळाचं ताट मी तिथेच नेतो, त्याच्या पाठीवर हात ठेवून चकल्या खातो. एका वर्षी पंतांनी रॉकेटची शिट्टी उचलली, त्यामुळे आमची दिवाळी तुळशीच्या लग्नाच्या पुढेही बरीच लांबली.

आता गुंड्याचं तोंड पांढरं झालंय. नीट ठेवला तर कॉकाटील १५-२० वर्षं जगतो, कुत्र्याच्या नशिबात तेवढं नसतं, हे पक्षी आणताना कोणीच मनात आणलं नव्हतं. त्याला ऐकू येत नाही. पंत बेल देतात, तो झोपलेलाच राहतो. पंत मान वाकडी करून त्याच्याकडे बघतात, पुन्हा देतात, पुन्हा. मग मीच उठतो, दाराशी जातो, दार उघडून "कोण?" विचारतो. कोणीतरी विचारायला हवं, नाहीतर ते थांबत नाहीत.

तर आमच्याकडे कधी आलात तर कृपा करून बेल वाजवू नका. खरी बेलही आम्हाला आता खोटीच वाटते. मोबाइलही करू नका, ती रिंगटोनही पंतांना येते. सरळ दार बडवा, आणि खाली स्टुलावर काही ठेवलं असेल तर पाय लावू नका, तो गुंड्याचा डोसा असतो.