छंदाचं अभ्यंगस्नान

जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरचं जेट साफ करायला पूर्वी घोटभर पेट्रोल, झिजलेला टूथब्रश आणि तोंडाची फुंकर पुरायची. आता साताऱ्या-सांगलीतल्या हौशी गड्याला त्यासाठी अल्ट्रासॉनिक क्लीनर लागतो. स्टीलच्या भांड्यात साबणपाणी, तळातून सेकंदाला साधारण ४० हजार कंपनं. सूक्ष्म बुडबुडे उठतात, फुटतात आणि फटीतला मळ उपसून काढतात. पेट्रोल मात्र त्यात ओतायचं नाही, नाहीतर जेटबरोबर स्वयंपाकघरही साफ! माणसाच्या कानाची हद्द २० हजारांवर संपते. घरच्यांना ऐकू येते ती यंत्राची किंमत.

जेट चकाकलं की साहेबांची नजर बायकोच्या नथीकडे वळते. मोती यात घालायचे नसतात, हे तिला ठाऊक असतं, म्हणून नथ वाचते.

तिकडे विटा-खानापूरची गलाईवाली माणसं मुलखामुलखात जाऊन सराफांच्या केरातून सोनं काढतात. आमचा गडी सोन्यासारखे पैसे घालून केर काढतो आणि ते काळं पाणी शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. सिंकमधली करपलेली कढई? ती म्हणे यंत्रात मावत नाही.