गाडीच्या आडोशाला

कोल्हापूरच्या माणसाला घरातल्या गॅसवर रस्सा करता येत नाही असं मुळीच नाही. पण तो रस्सा तो नुसता खातो, त्याच्याविषयी बोलत नाही. बोलायचं ते माळावर, मळ्यात, नदीकाठी तीन दगडांवर शिजलेल्या रश्श्याविषयी. आमच्या शिवाजी पेठेत एखाद्याचं लग्न कुठल्या कार्यालयात झालं हे लोक विसरतात. पण अमक्याच्या मळ्यात पांढरा रस्सा फुटला होता आणि तो कुणी जाळ वाढवल्यामुळं फुटला, हे त्याच्या नातवालाही ठाऊक असतं.

उघड्यावर रांधणाऱ्या अशा टोळीला गावात रस्सा मंडळ म्हणतात. मंडळाची नोंदणी नसते, अध्यक्ष नसतो, इतिवृत्त तर नसतंच, आणि तरीही ते नोंदणीकृत संस्थांपेक्षा जास्त टिकतं. वर्गणी निघते, एकजण मटणाला जातो, एकजण टेम्पो सांगून येतो, कुणाच्या तरी घरून उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या चटणीचा डबा येतो, आणि उरलेले सगळे सल्ला द्यायला येतात.

स्वयंपाकघराला भिंती असतात त्या ह्या सल्ल्यांसाठी, असं माझं जुनं मत आहे. घरात चहापूड कुठल्या डब्यात असते हे ज्याला सांगता येत नाही, तो गृहस्थ मळ्यात उतरल्याबरोबर पातेल्यात डोकावतो आणि म्हणतो, "खोबरं आणखी जरा भाजायला पाहिजे होतं." भिंत गेली की मालकी गेली. उघड्यावरची चूल ज्यानं मांडली त्याची नसते, ज्यानं फुंकली त्याचीही नसते. ती जो जो तिच्याभोवती उभा आहे त्या प्रत्येकाची असते, आणि उभं राहायला काही वर्गणी पडत नाही.

हे सगळं पुन्हा डोक्यात आलं ते पुतण्यामुळं. त्यानं पुण्याहून एक कॅम्पर ट्रेलर भाड्यानं आणला आणि निवृत्ती चौकाकडून वळवत वळवत आमच्या गल्लीत आणून उभा केला. मोटारीच्या मागं जोडायची चाकावरची खोली. आत झोपायला गादी, कपाटं, दिवे. आणि गंमत अशी की स्वयंपाकघर आत नाहीच. मागचं झाकण वर उचललं की एक लांबलचक खण बाहेर सरकतो. त्यात दोन बर्नर, वाटीएवढं बेसिन, त्याला पायानं दाबायचा पाण्याचा पंप आणि घडीचं टेबल. बाजूनं एक कापडी छप्पर उलगडतं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा पेपरात वाचलं होतं, पण धोरण गल्लीत येऊन उभं राहिलं की त्याला बघायला लोक जमतातच.

"ह्यात रस्सा किती माणसांचा हुईल?" पहिला प्रश्न हा आला. किंमत, मायलेज, कंपनी हे नंतर.

पुतण्या म्हणाला, "चौघांचा, काका."

चौघांचा! गर्दीतून एक सहानुभूतीचा हुंकार उमटला. आजारी माणसाची विचारपूस करताना येतो तसला.

शेजारचे मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ट्रेलरभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायर बुटानं दाबून बघितले आणि निकाल दिला, "ह्याच्यात नवीन काय न्हाई. मी डोंगराला गाडी घिऊन जायचो तवा ह्योच कारभार असायचा. फक्त गाडी लाल हुती."

मामांचं खरं आहे. कोल्हापुरातून मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला रेणुकाभक्त बेळगावच्या पलीकडं सौंदत्तीला जातात. त्यासाठी एसटीच्या गाड्या घेतात, त्या 'प्रासंगिक करारा'वर. गाडी तिथं मुक्कामाला थांबते, म्हणून एसटी जो आकार लावते त्याचं नाव 'खोळंबा आकार', आणि तो कमी करा म्हणून भक्तांच्या संघटनांची मागणी असते. सरकारी भाषेला तो खोळंबा दिसतो. पण जी गाडी रस्त्यावर नुसती वाहन होती ती डोंगरावर थांबली की घर होते. टपावरून पातेली उतरतात. खिडकीच्या गजाला साडीचं एक टोक बांधायचं, दुसरं टोक कळकाला, झाली कनात. तिच्या आडोशाला दगड, दगडांवर तवा. जोगुळभावीच्या कुंडावर आंघोळी करून माणसं येईतो भाकरी पडायला लागलेल्या असतात. मग परडी भरायची, "उदं गं आई उदं" म्हणायचं आणि मगच जेवायचं. गावी परतल्यावरही चूल पाठ सोडत नाही. ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. आंबील, भाकरी, वांगं, वरणं, मेथी, कांद्याची पात, गाजर असा नैवेद्य घेऊन सगळं गाव तिथं लोटतं आणि मिळेल त्या जागेवर पंगत मांडून जेवतं. म्हणजे आधी घर डोंगरावर न्यायचं, आणि घरी आलं की जेवण पुन्हा घराबाहेर न्यायचं.

बाकी खण सरकवून बाहेर काढायच्या स्वयंपाकघराची मूळ कल्पना अमेरिकेतली आहे, एवढं श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही. १८६६ मध्ये टेक्सासमधल्या चार्ल्स गुडनाइट नावाच्या गुरांच्या मालकानं लष्कराच्या जुन्या गाड्याला मागच्या बाजूला एक कप्प्यांचं कपाट बसवलं. त्याचं झाकण खाली पाडलं की तेच टेबल. हजारो गुरं महिनोन्‌महिने हाकत न्यायची, तर माणसांना जेवायला घालणारी गाडी बरोबर पाहिजे. ह्या चक-वॅगनवरचा स्वयंपाकी म्हणजे मोठा अधिकारी. घोड्यावरून येणाऱ्यानं वाऱ्याच्या खालच्या अंगानं यायचं, म्हणजे धूळ पातेल्यात उडत नाही, असा दंडक होता, आणि स्वयंपाक्याच्या झाकण-टेबलाला त्याच्या परवानगीशिवाय कुणी हात लावत नसे. हे वाचल्यावर मला त्या स्वयंपाक्याचा हेवा वाटला. त्याला शिवाजी पेठेत एक दुपार काढायला लावली पाहिजे होती.

तर बेत ठरला. माघ चालू होता, ऊस तुटला होता, वाघबिळाच्या अलीकडं ओळखीच्यांचं रान मोकळं झालं होतं. पुतण्याचे मित्र चार. निघताना ट्रेलरमागं एक टेम्पो आणि त्यात मंडळ.

रानात पोचल्यावर पहिला वाद: स्वयंपाकघर गाडीच्या कुठल्या अंगाला? पुतण्याचं म्हणणं, खण ज्या अंगाला उघडतो त्या अंगाला. मंडळाचं म्हणणं, वारा ज्या अंगाला नाही त्या अंगाला. ऐकायला मंडळ बरोबर वाटतं. पण गाडीच्या अगदी पाठीशी, आडोशाला म्हणून चूल मांडली, तर टपावरून आणि बाजूंनी आलेला वारा मागं येऊन गोल फिरतो आणि सगळा धूर परत गाडीवर आणि रांधणाऱ्याच्या डोळ्यांवर आणून टाकतो. थोडं लांब, आणि गाडीच्या कोपऱ्याच्या रेषेत मांडली की धूर निघून जातो. मामांना हे शास्त्र कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. डोंगरावर बायका चुली कुठं मांडतात ते त्यांनी स्टिअरिंगवर बसून वर्षानुवर्षं बघितलं होतं. शिवाय डिझेलच्या टाकीच्या अंगाला ते कुणाला काडी ओढू देत नसत. ट्रेलरच्या सिलिंडरलाही तोच नियम लागू. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, खाली सखल जागेत साचून राहतो. म्हणून सिलिंडर खळग्यात ठेवायचा नाही आणि चुलीच्या चढाच्या अंगाला तर नाहीच.

आणि खाली पाचट. ऊस तुटलेल्या रानात वाळलेल्या पाचटाची सतरंजी अंथरलेली असते. त्यावर बसायला छान वाटतं, आणि तिच्यावर एक ठिणगी पडली की रानाबरोबर शेजारचा उभा ऊसही जातो. मामांनी आधी खराट्यानं गोल अंगण झाडून घेतलं, कडेनं पाणी शिंपडलं. मंडळातल्या एकाला हा उशीर सोसवेना. त्याला मी महाराजांचं पत्र सांगितलं. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका ह्या अर्थासाठी ते नेहमी सांगितलं जातं. पण त्याच पत्रात चुलींचाही मजकूर आहे. कुणी भलत्या जागी चुली पेटवतील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेतील, वारा सुटलेला असेल आणि गवताच्या एका गंजीला लागलेली आग सगळ्या गंज्या खाऊन टाकील, ह्याची महाराजांना काळजी. एवढंच नाही, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, तेवढ्यावरही नजर. स्वराज्य चालवणाऱ्या माणसाला उंदराचा विचार करायला सवड होती, तर आपल्याला खराटा मारायला काय हरकत आहे? तो गृहस्थ गप्प झाला. आमच्या पेठेत दुसऱ्या कुठल्याही दाखल्यानं माणूस गप्प होत नाही.

दगडांची निवड हेही एक प्रकरण. एकाला ओढ्यातले गोल, गुळगुळीत दगड आवडले. दिसायला देखणेच. पण पाण्यात मुरलेला दगड जाळावर तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटू शकतो, कपच्या उडतात. बांधावरचे कोरडे डबर घेतले. एक मोठी चूल तांबड्यासाठी, तिच्या कडेला लहान चूल पांढऱ्यासाठी. घरातल्या जुन्या चुलीला वैल असतो त्याच हिशोबानं.

ह्या दोन चुली का, हे पुतण्याला समजावताना मात्र मंडळ पहिल्यांदा एका सुरात बोललं. तांबड्याला जाळ लागतो. मसाला तेलात नीट परतला पाहिजे, वर कट आला पाहिजे. पांढऱ्याचा स्वभाव वेगळा. मटणाच्या अळणी पाण्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध. आणि ते दूध पडल्यावर खळाखळा उकळी आली की पांढरा फुटलाच. गॅसला बटण असतं. चुलीला बटण म्हणजे जळण मागं ओढणारा हात. बाभळीचं लाकूड दमानं आणि धगधगीत जळतं, चिपाडं भपकन पेटून तितक्याच चटकन विझतात, शेणी मंद धुमसत राहते. पांढऱ्याच्या चुलीखाली शेवटी शेणीचा तुकडा आणि निखारे एवढंच ठेवायचं आणि तिथं एकच माणूस बसवायचा, शक्यतो कमी बोलणारा. तो शोधायला मंडळाला बराच वेळ लागला.

ट्रेलरच्या खणातल्या बर्नरांवरही प्रयोग झाला. वाऱ्यानं ज्योत आडवी पडत होती आणि आमचं पातेलं ठेवल्यावर घडीच्या टेबलानं गुडघे टेकले. मग त्या बर्नरांवर चहा ठेवला. चहा उत्तम झाला. कापडी छपराखाली माणसं पत्ते खेळत बसली, गादीवर मामा आडवे झाले. बेसिनचा पंप बघून सगळे खूश. जो तो जाऊन पाय मारून हात धुवून येत होता, हात मळलेले असोत नसोत. टाकी रिकामी झाल्यावर विहिरीवरून घागर आणली.

जेवणाबद्दल मी विस्तारानं लिहीत नाही. रश्श्याचं वर्णन ज्यानं त्यानं आपल्या वाटीतून करावं. मीठ एकानं घातलं होतं. दुसऱ्यानं, पहिल्यानं घातलं नसेल म्हणून घातलं. तिसरा घालणार इतक्यात मामा जागे झाले, हे मंडळाचं नशीब. पांढरा फुटला नाही. पुतण्याचे मित्र, जे चौघांच्या स्वयंपाकघरासाठी आले होते, ते वाढपी झाले आणि कुणाला किती तुकडे गेले ह्यावर त्यांनाच चार शब्द ऐकावे लागले. जेवताना प्रत्येकजण शेजारच्याला सांगत होता की आजच्या तांबड्याला जो रंग आला तो अमुक एका क्षणी आपण सुचवल्यामुळं आला. मी मोजत बसलो नाही, पण त्या रश्श्याला बरेच बाप होते.

आणि मग ते पातेलं उरलं. बाहेरून काळंकुट्ट. घरच्या बायका उघड्या चुलीवर भांडं चढवण्याआधी बाहेरून बुडाला राखमातीचा लेप देतात; काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना लेपाबरोबर निघून जाते. इतक्या सल्लागारांत हा सल्ला एकालाही सुचला नव्हता. आता पातेल्याकडं बघायला कुणी तयार नाही. जे सकाळपासून चुलीचे मालक होते ते एकाएकी पाहुणे झाले. एकाला फोन आला, एकाला शेतमालकाशी बोलायचं होतं, पत्त्यांचा डाव तर अर्ध्यावर राहिला होताच. पुतण्या ट्रेलरच्या वाटीएवढ्या बेसिनकडं आणि त्या पातेल्याकडं आळीपाळीनं बघत उभा. ट्रेलर स्वच्छ करून परत द्यायचा होता, त्यामुळं पातेलं त्यात ठेवायची सोय नाही.

"मामा, हे टेम्पोत टाकू का?" त्यानं विचारलं.

मामा गादीवरून उठले नाहीत. "टाक की. पण घासायला कुणाकडं द्यायचं त्ये आधी ठरवा. प्रासंगिक करारात भांडी येत न्हाईत."