एक टक्क्याची होडी

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं काढली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. ‘मागेल त्याला काम’ हे तिचं ब्रीद. माझी नोकरी याच कामांच्या हजेरीपटांवर चालते, म्हणजे दुसऱ्यांनी खणलेल्या चरांची मी बेरीज करतो. अशा माणसाला निदान फुकट राबू नये एवढी अक्कल असायला हवी. पण डोंबिवलीच्या भाच्याने सुट्टीत माझ्या फोनवर मासेमारीचा एक ऑनलाइन गेम टाकून दिला, आणि मागेल त्याला काम म्हणजे काय ते मला वयाच्या पन्नाशीत कळलं. तिथे काम हवं तेवढं. दाम मात्र नशिबाने.

गेमचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही डाउनलोड कराल.

तर या गेममध्ये तळ्याच्या टोकाला एक म्हातारं कासव असतं. त्याला हरवलं की कधीतरी सोनेरी होडी मिळते. ती इतर होड्यांपेक्षा तसूभरही जोरात चालत नाही, मासे जास्त धरत नाही. फक्त सोनेरी दिसते, आणि ती शेजारून गेली की बाकीचे जाळी टाकायचं थांबवून बघत राहतात. मला नोकरीत असं थांबून कोणी बघितलेलं नाही.

“मामा, चान्स एक टक्का आहे. ग्राइंड करावं लागेल, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा,” भाचा म्हणाला.

एक टक्का म्हणजे शंभर वेळा कासव मारलं की एक होडी, असा हिशोब मी हजेरीपटाच्या सवयीने मांडला. तो साफ चुकीचा. कासवाला मागचं काही आठवत नसतं. दर वेळी तोच एक टक्का. शंभर वेळा राबूनही रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचं प्रमाण निघतं सुमारे ३७ टक्के. गेन्शिन इम्पॅक्टसारख्या गेममध्ये एकोणनव्वद वेळा नशीब फिरलं नाही, तर नव्वदाव्या वेळी पाच तारे असलेलं काहीतरी हातात पडतंच. याला रोजगार हमीच म्हणायला हरकत नाही. आमच्या कासवाने असला कोणताही कायदा मानलेला नव्हता.

त्यात रेंज. जव्हारला राजवाडा बघायला लोक येतात, दाभोसाच्या धबधब्याला येतात, मी राहतो त्या जामसरला कोणी मुद्दाम येत नाही. रेंजही आली नाही. निदान माझ्या खोलीत तरी नाही. खोलीमागच्या टेकाडावर एका खडकाशी तोंड पूर्वेला करून उभं राहिलं की दोन काड्या दिसायच्या. होडीची मुदत भर पावसाळ्यात संपणार होती. मी रोज संध्याकाळी टेकाडावर.

फोन उंच धरून स्वतःभोवती गिरक्या घेणारा सरकारी माणूस बघितल्यावर लोकांनी काय समजायचं? पाड्यावर बातमी गेली की टॉवर येतोय. एक आजी चढ चढून आली आणि म्हणाली, “भाऊसाहेब, टावर माझ्या वरकसात घाला. भाडं देतात ना त्याचं?” दुसऱ्या दिवशी दोघं जण प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा घेऊन हजर. त्यांना मी कासव शोधतोय असं कसं सांगणार? “पाहणी चालू आहे,” मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या नोकरीने शिकवलेलं एकमेव वाक्य असं उपयोगी पडलं.

आणि मग ती रात्र आली. पाऊस आडवा. छत्रीचा दांडा मान आणि खांद्याच्या बेचक्यात, चष्म्यावर धुकं, बॅटरी लाल. कासव उलटं पडलं आणि पडद्यावर सोनेरी झगमगाट झाला. होडी! खाली दोन बटणं होती, ‘ठेवा’ आणि ‘विका’. मी अंगठा ‘ठेवा’कडे नेला, तेवढ्यात छत्रीच्या काडीवरून ओघळलेला एक टपोरा थेंब नेमका ‘विका’वर पडला. ‘खात्री आहे?’ असं गेमने विचारलं. दुसऱ्या थेंबाची खात्री होती.

होडीचे दोनशे शिंपले आले. दोनशे शिंपल्यांत गेममधली गांडुळांची एक पुडी मिळते.

पुढचा अपडेट आला आणि कंपनीने जाहीर केलं: आता कासव मारायची गरज नाही, जो सलग सात दिवस लॉगिन करेल त्याला सोनेरी होडी मोफत. मी आनंदाने उडी मारायला हवी होती. मी अर्ज लिहायला बसलो.

‘महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करतो की, नुसती हजेरी लावणाऱ्यास सोनेरी होडी देण्याचा निर्णय हा प्रामाणिकपणे राबलेल्या खेळाडूंवर अन्याय करणारा आहे. तरी सदर निर्णयाचा फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती.’

“अहो, पण तुम्हालाही मिळतेय ना फुकट?” बायको म्हणाली.

“प्रश्न होडीचा नाही.”

“मग कशाचा?”

लाइट गेली, म्हणून उत्तर टळलं.

हा झगडा माझ्या एकट्याचा नाही. २०१७ साली स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला साठ हजार क्रेडिट लागणार होते, म्हणजे खेळाडूंच्या हिशोबाने चाळीसेक तासांची बिगारी. लोक इतके भडकले की कंपनीने किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली. मी तिथे असतो तर साठ हजारच ठेवा म्हणून उपोषणाला बसलो असतो. राबणाऱ्यांचा युक्तिवाद असतो की ज्याने वेळ घातला त्यालाच मिळावं. पण भाच्याचा वेळ वाय-फायखाली पंख्याच्या वाऱ्यात जातो, माझा छत्रीखाली. तास दोघांचेही साठच मिनिटांचे, होड्या मात्र त्याच्याकडे तीन आहेत. त्यात मेहनत किती आणि ब्रॉडबँड किती, हे कोणत्याही हजेरीपटावरून कळणार नाही.

अर्जाला उत्तर आलं नाही. मग मीही मुकाट्याने लॉगिन करू लागलो. सहाव्या दिवशी पावसाने लाइट नेली आणि लाइटीने रेंज नेली. दोन्ही परत आल्या तेव्हा गेमने मला पुन्हा पहिल्या दिवसावर बसवलं होतं. माझं सोडा, पण इथली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. घरात एक फोन, तो बापाच्या खिशात. त्यांच्या पोरांनी हजेरीत खंड न पाडता होडी कशी मिळवायची?

तेव्हा गेमवाल्यांनो, आधीचा अर्ज मागे घेतो. होडी सगळ्यांना द्या, सात दिवसांच्या हजेरीवर खुशाल द्या. फक्त ते दिवस सलग मागू नका. आणि ‘विका’चं बटण जरा लांब ठेवा.